दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय? रुग्णाच्या घरच्यांसाठी

खानापूरकडच्या एका मावशींना डॉक्टरांनी सांगितलं, "पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीतून ऑपरेशन करूया." मावशी चटकन म्हणाल्या, "माझं दुर्बिणीचं झालंय की ओ! धाकट्याच्या पाठीवर केलं न्हवं का?" डॉक्टर गोंधळले. मी शेजारीच उभी होते, मला लगेच कळलं. आपल्या गावांत वर्षानुवर्षं कुटुंबनियोजनाची शिबिरं झाली, त्यामुळे बायकांच्या तोंडी 'दुर्बिणीचं' म्हणजे तेच, मुलं बंद करायचं. मावशींना वाटलं, झालेलंच ऑपरेशन परत कशाला?

बेळगावात ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. टेबलावरची माणसं जेवढी पाहिली तेवढेच दाराबाहेर बसलेले नातेवाईकही पाहिले, आणि त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असायचे. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, अथणी, कुठूनही आलेले असोत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: कातडीवरचं भोक लहान असलं तरी आत जे काम होतं ते मोठ्या ऑपरेशनइतकंच मोठं असतं.

नेमकं काय करतात

आधी दोन गैरसमज. तोंडातून नळी घालून जठर बघतात ती एंडोस्कोपी, ती वेगळी. आणि 'लेसरने खडे काढले' असं गावात सांगतात, पण पित्ताशय लेसरने काढत नाहीत. मुतखडा बाहेरून फोडता येतो, मग पित्ताचे खडे का फुटत नाहीत, हा प्रश्न तर रोजचा. मुतखड्याचा चुरा लघवीवाटे निघून जातो. पित्ताचा चुरा अरुंद नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. शिवाय खडे धरणारी पिशवी तशीच राहिली तर पुन्हा खडे धरतात. म्हणून पिशवीसकट काढतात.

पूर्ण भूल दिली की बेंबीपाशी साधारण एक सेंटिमीटरचा छेद घेतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. दाब १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतकाच ठेवतात, आणि मशीनवरच्या त्या आकड्याकडे भूलतज्ज्ञाचं सतत लक्ष असतं. बेंबीच्या छेदातून कॅमेरा आत जातो. आणखी दोन-तीन छेद, काही ५ मिलिमीटरचे, एखादा १० चा, त्यातून लांब दांड्याची हत्यारं. सर्जन पडद्याकडे बघून काम करतात. पडद्यावर सगळं मोठं होऊन दिसतं, केसाएवढी रक्तवाहिनीसुद्धा दोरीसारखी. पित्ताशयाची नळी आणि तिची रक्तवाहिनी सुटी करून दोन्हींवर टायटॅनियमच्या बारीक क्लिपा लावतात, मधे कापतात आणि पिशवी यकृतापासून सोडवतात. ती बेंबीतून बाहेर येते, बऱ्याचदा निर्जंतुक हातमोज्याच्या तुकड्यात घालून, म्हणजे खडे पोटात सांडत नाहीत. पिशवी स्टीलच्या ट्रेमध्ये उघडली की खडे टणटण वाजतात. कधी मोहरीसारखे शेकडो, कधी आवळ्याएवढा एकच. क्लिपा पोटात कायमच्या राहतात, त्यांचा त्रास होत नाही आणि पुढे एमआरआय करायलाही त्यांची आडकाठी नसते.

अशा रीतीने पित्ताशय पहिल्यांदा १९८५ मध्ये जर्मनीत एरिश म्यूहे यांनी काढलं. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ते केलं. म्हणजे हे काही काल-परवाचं तंत्र नाही, त्याला भिऊन बसायचं कारण नाही.

पहिला प्रश्न: ऑपरेशन लागतंच का?

दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि पित्ताशयात खडे दिसले, त्रास मात्र काहीच नाही, अशा बहुतेकांना लगेच ऑपरेशन लागत नाही. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात तासन्‌तास टिकणारी कळ, ती पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत जाते, उलटी होते, आणि हे परत परत होतं, त्यांना लागतं. रोजची जळजळ, करपट ढेकर हे बऱ्याचदा खड्यांमुळे नसतंच. पिशवी काढूनही ते तसंच राहतं आणि मग माणसं डॉक्टरला बोल लावतात. तुमची तक्रार नेमकी कोणती आणि ती ऑपरेशनने जाणार का, हे आधी स्पष्ट विचारून घ्या. डोळे पिवळे, गडद लघवी, थंडी वाजून ताप आणि पोटात कळ, हे एकत्र आलं तर तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुख्य पित्तनळीत खडा अडकला असेल तर सहसा आधी तोंडातून दुर्बीण घालून तो काढतात आणि मग पिशवीचं बघतात.

अपेंडिक्सला दुर्बीण चांगली. वयात आलेल्या मुलींना आणि तरुण बायकांना तर फारच, कारण उजव्या बाजूची कळ अपेंडिक्सची की अंडाशयाची हे डोळ्यांनी बघता येतं. अंतर्गळ म्हणजे हर्निया एकाच बाजूला आणि पहिल्यांदाच झाला असेल, तर बाहेरून जाळी बसवून केलेलं नेहमीचं ऑपरेशनही उत्तम असतं. ते कमरेतून भूल देऊनही होतं, खर्चही सहसा कमी. दोन्ही बाजूंना असेल किंवा पूर्वी बाहेरून केलेला परत आला असेल, तर दुर्बिणीचा खरा उपयोग.

गर्भपिशवीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. पस्तिशी-चाळिशीतली बाई अंगावरून जातंय म्हणून येते, आणि "पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल" ह्या एका वाक्यावर घरचे सही करतात. दुर्बिणीतून होतंय, दोन दिवसांत घरी, मग काय हरकत! पण अंगावरून जाण्यावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं औषधाचं साधन आहे. अंडाशयही काढले तर त्या वयातच रजोनिवृत्ती एकदम येते आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. अनावश्यक गर्भाशयाची ऑपरेशनं टाळण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये सूचना काढल्या त्या याच कारणाने. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. त्याचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

फायदा कुठे होतो, धोका कुठे

पूर्वी पित्ताशयासाठी उजव्या बरगडीखाली हातभर चीर घ्यायचे आणि पोटाचे स्नायू कापायचे. तो माणूस आठवडाभर खोकायला घाबरायचा. खोल श्वास घेत नाही म्हणून छातीत कफ साठायचा, न्यूमोनिया व्हायचा. दुर्बिणीत स्नायू कापत नाहीत, दांड्याने बाजूला सारतात. सगळा फायदा तिथून येतो: दुखणं कमी, म्हणून माणूस त्याच संध्याकाळी उठून बसतो. उठतो म्हणून छाती मोकळी राहते आणि पायांत रक्त साकळत नाही. जखम लहान म्हणून ती पिकण्याची शक्यता कमी. पाच-सात दिवसांऐवजी एक-दोन दिवसांत घरी जाता येतं. निपाणीला तंबाखूच्या वखारीत पोती उचलणाऱ्याला, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेणाऱ्या बाईला माझ्या मते सर्वांत मोठा फायदा पुढचाच: मोठ्या चिरेतून वर्षा-दोन वर्षांनी हर्निया बाहेर येण्याची भीती फार कमी होते.

आता धोके. मुख्य पित्तनळीला इजा होणं हा सगळ्यात गंभीर, दर हजारात साधारण तीन ते पाच जणांना. रक्तस्राव, आतड्याला इजा, क्लिपेपाशी पित्त झिरपणं हेही होऊ शकतं. आणि आत सूज फार असेल, सगळं चिकटलेलं असेल, तर सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतात. दारात येऊन हे सांगितलं की नातेवाईकांचे चेहरे उतरतात, "ऑपरेशन बिघडलं" असा अर्थ काढतात. मी आतून पाहिलंय. जिथं नीट दिसत नाही तिथं हट्टानं कापत न बसणारा सर्जन तुमच्या माणसाचा जीव वाचवत असतो. म्हणून संमतीपत्रावर पोट उघडण्याचीही परवानगी आधीच घेतात.

संमतीपत्राचंच बोलते. आपल्याकडे ते बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतं, आणि मराठी माणूस "कुठे करू सही?" एवढंच विचारतो. तसं करू नका. वाचून, मराठीत सांगायला लावा. बेळगावात ते सांगणारं कुणीतरी वॉर्डात असतंच, नसेल तर पलीकडच्या खाटेजवळचा माणूसही मदत करतो. रात्रपाळीच्या सिस्टरला फक्त कन्नड येत असेल तर एवढे शब्द ठेवा: होट्टे नोवु म्हणजे पोटदुखी, वांती म्हणजे उलटी, ज्वर म्हणजे ताप.

कुठे करायचं, पैसे कसे

बेळगावचं सिव्हिल म्हणजे बिम्स आहे, केएलईचं मोठं रुग्णालय आहे, खाजगी दवाखानेही भरपूर. निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज. मिरजेला उपचाराला जायची तिकडची रीत शंभर वर्षांहून जुनी, वॉन्लेस रुग्णालय तिथं १८९४ मध्ये सुरू झालं.

२०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. एपीएलवाल्यांना, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना, ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. तारीख ठरवून करायच्या ऑपरेशनला खाजगी रुग्णालयात जायचं असेल तर आधी सरकारी रुग्णालयातून रेफरल घ्यावं लागतं. तातडीच्या वेळी ते लागत नाही. लोक थेट खाजगीत भरती होतात आणि मग रेफरलसाठी धावतात, त्यात योजना हातची जाते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर निघण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, फोन करा: आमचं गाव यादीत आहे का, दाखले कोणते आणायचे, हे ऑपरेशन त्यात बसतं का.

पैसे स्वतः भरणार असाल तर भूलतज्ज्ञ, जाळी, तपासण्या, पिशवीची बायोप्सी हे सगळं सांगितलेल्या आकड्यात धरलंय का ते विचारा. सर्जनना विचारा: असं ऑपरेशन तुम्ही महिन्याला साधारण किती करता, पोट उघडायची वेळ कितीदा येते, अडचण आली तर इथं आयसीयू आहे का? आणि एक प्रश्न कुणीच विचारत नाही, तो मी तुम्हाला देते: "हत्यारं ऑटोक्लेव्ह करता का?" लांब नळीसारख्या हत्यारांच्या आत रक्त वाळून बसतं. ती सुटी करून, ब्रशने घासून, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायला वेळ लागतो. घाईत नुसती औषधाच्या ट्रेमध्ये बुडवून पुढच्या रुग्णाला वापरली, तर महिन्या-दीड महिन्याने बेंबीच्या टाक्यातून पाण्यासारखा स्राव सुरू होतो. साध्या गोळ्यांनी तो थांबत नाही, कारण ते जंतू वेगळ्या जातीचे असतात आणि त्यांची औषधं कित्येक महिने चालतात. असं झालं तर त्या स्रावाची खास कल्चर तपासणी, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करायला सांगा.

आठवडाभर आधीपासून

रक्त, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे या तपासण्या होतातच. तुम्ही सांगायचं ते मात्र तुम्हीच सांगायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? त्या आपल्या मनानं बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, साधारण तीन दिवस आधी थांबवतात, म्हणून गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. वैद्यांच्या पुड्या, काढे हेही लपवू नका. मिश्री, गुटखा, विडी-सिगारेट यांबद्दल आपल्या बायाबापड्या लाजून बोलत नाहीत. सांगा. धूम्रपान चार आठवडे आधी सोडलं तर छातीचा आणि जखमेचा त्रास स्पष्टपणे कमी होतो.

आदल्या दिवशी बेंबी साफ करा. हसू नका, मोठा छेद तिथंच असतो. कापसाला खोबरेल लावून आतला मळ मऊ करा, मग साबणाने धुवा. पोटावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक ओरखडे पडले की त्यात जंतू शिरतात. नेलपॉलिश पुसा. बांगड्या, जोडवी, नथ काढा, कारण विजेच्या उपकरणाने धातूखाली चटका बसू शकतो. कवळीही काढून ठेवा. मंगळसूत्र काढायला जीव होत नाही, मला माहीत आहे. कित्येकींनी माझा हात धरून ठेवलाय. सासूबाईंच्या किंवा आईच्या हातात द्या आणि परत आल्यावर पहिलं तेच घाला.

उपाशी ठेवतात ते का, हे कळलं तर पाळलं जातं. भुलीत घशाची राखण थांबते. पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, आणि त्यानं माणूस दगावू शकतो. जेवणानंतर किमान सहा तास, तेलकट जेवण असेल तर आठ तास काही खायचं नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ शेवटची. दुधाचा चहा हे पाणी नव्हे, ते अन्न. "अर्धा कपच घेतलाय ओ" म्हणून सांगणाऱ्या अण्णांचं ऑपरेशन आम्ही दुपारपर्यंत लांबवलं होतं. त्यांनी सांगितलं हे फार बरं केलं.

ऑपरेशननंतरचे दिवस

पित्ताशयाचं काम साधारण तास-दीड तासाचं, पण माणूस आत गेल्यापासून वॉर्डात येईपर्यंत तीन तास धरा. उशीर झाला म्हणजे काही वाईट झालं असं नाही.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांचा खांदा दुखतो, बहुधा उजवा. "हार्टचं तर न्हवं?" म्हणून घरचे घाबरतात. पोटात राहिलेला वायू श्वासपटलाला डिवचतो आणि त्या मज्जातंतूची वाट खांद्याशी जाते, म्हणून. चालल्यानं, शेक दिल्यानं, गोळीनं दोन-तीन दिवसांत जातो. मात्र छातीत दाब, घाम, धाप असेल तर लगेच सिस्टरला हाक मारा.

त्याच संध्याकाळी आधार देऊन चालवा. आधी पाणी, मग पेज, दुसऱ्या दिवशी मऊ भात, वरण, भाकरीचा पापुद्रा. पित्ताशय नसलं तरी यकृत पित्त करतच असतं, त्यामुळे जन्मभर पथ्य लागत नाही. काही आठवडे तळलेलं कमी करा, काहींना शौचाला पातळ होतं, ते हळूहळू बसतं. टाक्यांवर हळद, राख, कसलाही लेप नको. आंघोळ बहुधा ४८ तासांनंतर, पुसून कोरडं ठेवायचं. घागर, पोतं, लहान मूल उचलणं चार आठवडे बंद, हर्नियाला जाळी असेल तर सहा. म्हणून शेतकरी घरात शक्य असेल तर गळीत हंगामाच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर माणूस रोज कालच्यापेक्षा बरा दिसला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढत चाललंय, पोट फुगून ताठ झालंय, ताप, उलट्या, नाडी जलद, डोळे पिवळे, लघवी होत नाही, यातलं काहीही असेल तर परत न्यायचं. जंगलकडच्या एका गावातली बाई आमच्याकडे पाचव्या दिवशी आली होती. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं. घरचे म्हणाले, "एवढी बारीक भोकं, त्याला काय दुखतंय, असं वाटलं." तिच्या पोटात दीड-दोन लिटर पित्त साठलं होतं. ते नळी घालून काढलं, पित्तनळीत स्टेंट बसवला, तीन आठवड्यांनी ती चालत घरी गेली. तिसऱ्या दिवशी आली असती तर हाल निम्मे झाले असते.

म्हणून कणकुंबी, जांबोटीकडच्या लोकांना मी नेहमी सांगते: पावसाळ्यात ऑपरेशन असेल तर डिस्चार्ज मिळाला तरी चार-पाच दिवस बेळगावातच पाहुण्यांकडे थांबा. तिथला पाऊस आणि रस्ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. डिस्चार्ज कार्डावर रात्री उचलला जाईल असा फोन नंबर लिहून घ्या, आणि गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

टाके बघायला आठवड्याने बोलावतात तेव्हा बहुतेक जण येतात. त्यानंतरचं एक काम मात्र राहून जातं. काढलेली पिशवी तपासायला पाठवलेली असते आणि तिचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. शंभरातल्या जवळपास सगळ्यांत नुसती सूज असते, पण क्वचित त्यात कॅन्सरची सुरुवात सापडते, आणि तेव्हा सापडली तर वेळेत उपचार होतात. आमच्या कपाटात असे न नेलेले रिपोर्ट गठ्ठ्यानं पडून असायचे. टाके दाखवायला जाल तेव्हा काउंटरवर नाव सांगून तो मागून घ्या, डॉक्टरांना वाचायला द्या, आणि डिस्चार्ज कार्डासोबत एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.